लांब दिवसांचा भाजीपाला: अलास्कातील मातानुस्का खोऱ्याची पार्श्वभूमी

अलास्कातील मातानुस्का खोऱ्यात पामर या गावी दर वर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस राज्याची जत्रा भरते आणि तीत सर्वांत मोठी गर्दी खेचते ती कोबीचे वजन करण्याची स्पर्धा. २०१२ साली स्कॉट रॉब यांचा कोबी तेथे ६२.७१ किलो भरला आणि त्याची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली. अशा बातम्यांत कारण एकच दिले जाते, ते म्हणजे तिथे उन्हाळ्यात सूर्य जेमतेम मावळतो. कारण खोटे नाही. पण ते पुरेसे मानले, तर या प्रदेशातील शेतीचा सव्वाशे वर्षांचा खटाटोप मुळीच समजत नाही.

अमेरिकेने १८६७ मध्ये ७२ लाख डॉलरना रशियाकडून अलास्का विकत घेतला, तेव्हा त्याच्याकडे शेतजमीन म्हणून कोणी पाहिले नव्हते. भाज्या मात्र तिथे पिकत होत्या. दक्षिणेकडील किनाऱ्यावरचे मूळनिवासी त्लिंगित लोक बटाटे लावत आणि ते सिटका येथील रशियनांना विकतही. रशियनांच्या स्वतःच्या परसबागांत कोबी आणि सलगम होते. पुढे १८९०च्या दशकात सोन्याच्या शोधात हजारो माणसे उत्तरेकडे लोटली आणि ताज्या भाजीचा प्रश्न जिवावर आला, कारण डबाबंद अन्नावर काढलेल्या हिवाळ्यानंतर स्कर्व्हीने दात हलू लागत.

१८९८ साली अमेरिकी कृषी खात्याने चार्ल्स जॉर्जसन यांना अलास्कात पाठवले. जन्माने डॅनिश असलेल्या या कृषितज्ज्ञाने त्याआधी टोकियोतील कृषी महाविद्यालयात आणि कॅन्ससमध्ये अध्यापन केले होते. सिटकापासून सुरुवात करून केनाई, युकॉन नदीकाठचे रॅम्पार्ट, फेअरबँक्स आणि १९१७ मध्ये मातानुस्का अशी प्रायोगिक केंद्रे उभी राहिली. वसाहतकऱ्यांना बियाणे वाटायचे, कोणते वाण तगले आणि कोणते गारठ्याने गेले याची नोंद ठेवायची, अशी ही चिकाटीची कामगिरी होती. दिवसाच्या लांबीचा वनस्पतीवर होणारा परिणाम स्पष्ट करणारा गार्नर आणि अलार्ड यांचा शोधनिबंध १९२० सालचा आहे. म्हणजे पहिली वीस-बावीस वर्षे जॉर्जसन यांच्यापुढे पीक काय करते एवढेच होते, ते तसे का करते याचे शास्त्र अजून जन्माला यायचे होते.

त्या शास्त्राने दाखवले ते असे की, लांब दिवसाचा प्रकाश म्हणजे वनस्पतीला केवळ जादा खुराक नव्हे, तो ऋतू सांगणारा इशाराही असतो. मातानुस्का खोरे सुमारे ६१.६ उत्तर अक्षांशावर आहे आणि जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तिथला दिवस जवळजवळ साडेएकोणीस तासांचा होतो. कोबीला हे मानवते: पहिल्या वर्षी फुलावर येण्यासाठी त्याला लांब दिवस नव्हे, तर दीर्घ थंडी लागते, त्यामुळे उन्हाळाभर तो पानेच पाने वाढवत राहतो. शिवाय हवा थंड असल्याने दिवसभर तयार झालेले अन्न श्वसनात फारसे खर्चत नाही. पालक मात्र दिवस १४ तासांच्या पुढे गेला की पाने सोडून फुलोऱ्यावर येतो. कोथिंबीर आणि मुळाही लवकर दांडा धरतात. कांद्याचे गणित आणखी वेगळे आहे. नाशिककडचे वाण साधारण ११ ते १२ तासांच्या दिवसात पोसतात. ते अलास्कात लावले, तर पुरेशी पात येण्याआधीच कांदा धरायला लागतील आणि हाती गोटीएवढे कांदे येतील. तिथे त्यासाठी लांब दिवसाचेच वाण लागतात.

प्रकाश मुबलक असला तरी उष्णता तुटपुंजी असते. जूनमध्ये भर दुपारीही पामरचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ५२ अंशांपर्यंतच चढतो. जमीन मे महिन्यात अजून गार असते आणि हिमदहिवराविना मिळणारे दिवस जेमतेम तीन-चार महिन्यांचे. फेअरबँक्सकडे तर जमिनीखाली कायमचा गोठलेला थर आहे. वरची झाडे आणि शेवाळ काढून शेत मोकळे केले की तो वितळू लागतो आणि काही ठिकाणी शेतच खचते. म्हणून टोमॅटो, काकडी, मका ही उष्णता मागणारी पिके उघड्यावर घेणे तिथे कायम जोखमीचे राहिले.

या खोऱ्याचे नाव देशभर झाले ते १९३५ मध्ये. मंदीच्या काळात रूझवेल्ट सरकारच्या मदतकार्य यंत्रणेने मिनेसोटा, विस्कॉन्सिन आणि मिशिगन येथील सुमारे दोनशे कुटुंबांना मातानुस्कात वसवले. ही माणसे थंडीला सरावलेली आहेत, एवढा त्यामागचा हिशेब होता. मे महिन्यात ती तंबूंत उतरली आणि चिठ्ठ्या टाकून बहुतेकांना ४०-४० एकरांचे तुकडे देण्यात आले. ज्याला चिठ्ठीत चांगली जमीन लागली तो तरला. ज्याच्या वाट्याला दलदल किंवा दाट जंगल आले, त्याचा पहिला उन्हाळा खोड उपटण्यातच गेला. अनेक कुटुंबे काही वर्षांतच परतली. त्या वेळच्या प्रचारात हे खोरे रिकामे असल्यासारखे मांडले गेले, पण ती देनाइना लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची भूमी होती, हे सांगितले पाहिजे.

वसाहत फसली असे तेव्हा अनेकांनी म्हटले. तसे म्हणणे घाईचे होते, कारण पीक येत होते आणि गिऱ्हाईक नव्हते. १९२३ मध्ये पूर्ण झालेली अलास्का रेल्वे माल हलवू शकत होती, पण तो घेणारे शहर तिच्या वाटेवर अजून मोठे झाले नव्हते. १९४० नंतर अँकरेजजवळ लष्करी तळ उभारले गेले, तेव्हा खोऱ्यातील बटाटे, गाजरे आणि कोबी यांना भाव मिळाला. कोबीची स्पर्धाही याच काळातली: १९४१ मध्ये रेल्वेच्या व्यवस्थापकाने सर्वांत मोठ्या कोबीला २५ डॉलरचे बक्षीस लावले. जाहिरातीची ही युक्ती पुढे परंपराच झाली, मात्र जत्रेतला कोबी हा वाणिज्यिक शेतीचा नमुना नव्हे. त्यासाठी निवडक संकरित वाणाची रोपे हिवाळा संपता संपता घरात दिव्याखाली तयार करतात, उन्हाळाभर त्यांना खत-पाण्याचा रतीब घालतात आणि मूस हरीण रातोरात फस्त करू नये म्हणून कुंपण घालतात.

बाजारासाठी पिकवणाऱ्यांचे खरे साधन त्यामानाने साधे आहे. पारदर्शक प्लास्टिकचे आच्छादन जमीन तापवते, उंच वाफे पाणी लवकर निचरतात, आणि बोगद्यासारखी प्लास्टिकची शेडगृहे हंगामाच्या दोन्ही टोकांना काही आठवडे जोडतात. गार रात्रींमुळे गाजरांत साखर साठते आणि तिथले गाजर गोडीसाठी नावाजले जाते. तरीही राज्यातले बहुतांश अन्न आजही जहाजांनी आणि विमानांनी बाहेरूनच येते. फेअरबँक्सच्या विद्यापीठात जॉर्जसन यांच्या नावाची वनस्पतिबाग आहे आणि तिथे भाज्यांच्या वाणांची तुलनात्मक लागवड करून कोणता वाण त्या उजेडात टिकतो, याच्या नोंदी घेतल्या जातात.