न्यूजरूममधील सॉफ्टवेअर अभियंता

वृत्तसंस्थेत राहून बातमीसाठीच प्रोग्राम लिहिणारा अभियंता. संगणक आणि नेटवर्क सांभाळणारा आयटी विभाग वेगळा. याची गाठ थेट संपादकांशी आणि डेडलाइनशी. मतमोजणीच्या दिवशी आकडे दाखवणारे पान दुसऱ्या दिवशी तयार झाले, तर ते रद्दीत.

या घाईतूनच ‘जँगो’ हे वेब फ्रेमवर्क, म्हणजे वेबसाइट बांधण्यासाठीचा तयार सांगाडा, निघाले. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या स्थानिक दैनिकात एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी २००३ साली ते लिहायला घेतले; जुलै २००५ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. गिटारवादक जँगो राइनहार्ट यांचे नाव त्याला दिले आहे. बातमीदाराला प्रोग्रामरची वाट न पाहता मजकूर भरता यावा, ही वृत्तपत्राची गरज त्याच्या तयार ‘ॲडमिन’ पानांत आजही दिसते.

‘लॉस एंजेलिस टाइम्स’चा ‘क्वेकबॉट’ हा प्रोग्राम अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाच्या सूचनेवरून भूकंपाची बातमी स्वतः लिहितो. तो तयार करणारे पत्रकार-प्रोग्रामर केन श्वेंकी १७ मार्च २०१४ च्या पहाटे धक्क्याने जागे झाले, तेव्हा बातमी लिहून तयारच होती. त्यांनी फक्त प्रसिद्धीचे बटण दाबले. जून २०१७ मध्ये मात्र सर्वेक्षणाकडूनच चुकीची सूचना आली आणि सांता बार्बराचा १९२५ मधला भूकंप ताजी बातमी म्हणून झळकला. सूचनेत साल होते २०२५, म्हणजे तेव्हा अजून न उजाडलेले! तारीख भविष्यातली असेल तर थांब, एवढी एक अट बातमी अडवायला पुरली असती.

मराठीत या कामाला आणखी एक पदर आहे. छपाईसाठी श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत टाइप केलेला मजकूर वेबवर न्यायचा, तर तो युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, बदलावा लागतो. जुन्या फॉन्टात अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठवलेली असत: ‘दिवस’मध्ये आधी वेलांटी, मग द; ‘सर्व’मध्ये व झाल्यावर रफार. युनिकोडमध्ये हा क्रम उलटा. शिवाय ‘दुसऱ्या’मधला ऱ्य दोन प्रकारे साठवता येतो. दिसायला दोन्ही सारखेच, पण प्रोग्रामने ते आधी एकरूप केले नाहीत, तर एका प्रकारे साठवलेली बातमी दुसऱ्या प्रकारे टाइप करून शोधणाऱ्याला सापडत नाही.