चिमटा का मोडतो?

वाळत घातलेल्या चादरीला चिमटा लावायला जावं आणि 'कट्' आवाज होऊन त्याचा एक पाय हातात यावा, हे गॅलरीवाल्यांना नवीन नाही. मोडलेला तुकडा नीट पाहा. उन्हाकडची बाजू पांढुरकी, बोट फिरवलं तर खडूसारखी भुकटी लागते. स्प्रिंगखाली दबलेला भाग मात्र दुकानातून आणला तेव्हासारखाच निळा. 'उन्हानं खाल्ला,' असं आपण म्हणतो. खरं तर उन्हानं नुसतं दार उघडून दिलं, आत शिरला तो ऑक्सिजन.

असे चिमटे बहुधा पॉलिप्रॉपिलीनचे असतात. पॉलिप्रॉपिलीन म्हणजे कार्बन आणि हायड्रोजनची लांबलचक साखळी, तिच्यात ऑक्सिजन नावालाही नाही. अतिनील किरणांच्या माऱ्यात एखादा हायड्रोजन निसटला की त्या जागी हवेतला ऑक्सिजन येऊन बसतो आणि शेजाऱ्याचा हायड्रोजन ओढतो. मग शेजारी बिथरतो, त्याचा शेजारी बिथरतो, आणि या चाळभर पसरलेल्या भांडणात साखळी जागोजागी तुटते. कारखान्यात मिसळलेली स्थिरक रसायनं हे काही काळ थोपवतात. स्वस्त चिमट्यांत तिथेच काटकसर होत असावी, असा माझा आपला संशय.

हा घुसखोर अवरक्त किरणांच्या यंत्रात पकडला जातो. कार्बन-ऑक्सिजनचा दुहेरी बंध, म्हणजे कार्बोनिल, साधारण १७१५ प्रति सेंटिमीटर या तरंगसंख्येपाशी (म्हणजे एका सेंटिमीटरात मावणाऱ्या लहरींच्या संख्येपाशी) किरण शोषतो. नव्या चिमट्याच्या आलेखात तिथे जवळपास सपाट रेघ दिसते, तर जुन्याच्या आलेखात उंचवटा. फारशा न बदलणाऱ्या दुसऱ्या एका शिखरानं त्याला भागलं की मिळतो 'कार्बोनिल निर्देशांक'. नमुना स्फटिकावर दाबून मोजणी केली, तर हे यंत्र पृष्ठभागाचा जेमतेम एक-दोन मायक्रॉन थर वाचतं. त्यामुळे थर खरवडत मोजत गेलं की उंचवटा बुटका होत जातो. नासलेलं असतं ते कातडं. पण त्याला पडलेली भेग आतल्या धडधाकट भागालाही चिरत जाते, म्हणून तो 'कट्'.

गंमत म्हणजे, सुरुवातीला अशा प्लॅस्टिकचं वजन किंचित वाढतं, कारण ऑक्सिजनची भर पडते. म्हणजे नुसत्या तराजूवर भरवसा ठेवून चालत नाही.

बरं, तुटलं म्हणजे कुजलं का? ते ओळखायला वेगळी युक्ती लागते. स्वीडनच्या रसायनशास्त्रज्ञ अ‍ॅन-क्रिस्टीन आल्बर्टसन यांनी पॉलिप्रॉपिलीनचं भावंड असलेलं पॉलिथिलीन घेतलं आणि त्याच्या साखळीतच किरणोत्सारी कार्बन-१४ बसवला. ते मातीत ठेवून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं तपासला. त्या वायूत कार्बन-१४ सापडला, तर तो प्लॅस्टिकमधूनच आलेला. १० वर्षांत साध्या पॉलिथिलीनमधला ०.५ टक्क्यांहूनही कमी कार्बन असा बाहेर पडला. आधी अतिनील किरणांत ठेवलेल्या नमुन्यांतून जास्त निघाला, कारण आखूड झालेले, ऑक्सिजन चिकटलेले तुकडे सूक्ष्मजीवांच्या तोंडात मावतात.