संस्पंदन (रसायनशास्त्र)

एखाद्या रेणूतील किंवा आयनातील इलेक्ट्रॉनांची मांडणी एकाच रेखाकृतीने पुरती दाखवता येत नाही, तेव्हा दोन किंवा अधिक संरचना एकत्र विचारात घेऊन तो रेणू समजून घेण्याची पद्धत म्हणजे संस्पंदन. वर्गात याला सर्रास रेझोनन्सच म्हणतात. या संरचनांमध्ये अणू आपली जागा सोडत नाहीत. बदललेली दिसते ती फक्त पाय (π) इलेक्ट्रॉनांची, म्हणजे दुहेरी बंधातल्या दुसऱ्या, सैल जोडीतल्या इलेक्ट्रॉनांची, आणि बंधात न गुंतलेल्या जोड्यांची जागा. प्रत्यक्षात हे इलेक्ट्रॉन दोनच अणूंमध्ये अडकून न राहता तीन, सहा किंवा त्याहून जास्त अणूंवर पसरलेले असतात. या पसरण्याला विस्थानीकरण म्हणतात. विस्थानीकरण ही रेणूतली वस्तुस्थिती आणि संस्पंदन ही ती कागदावर उतरवण्याची रीत.

नावामुळे मोठा घोटाळा होतो. स्पंदन म्हटले की रेणू या रूपातून त्या रूपात सतत झुलतो आहे, असे वाटते. तसे काहीही घडत नाही. सोलापूरकराला हे त्याच्या बोलीवरून चटकन पटावे. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी यांच्या शेजारातून घडलेली सोलापुरी बोली बोलणारा माणूस एका क्षणी मराठी आणि दुसऱ्या क्षणी तेलुगू बोलत नसतो. त्याची बोली सदासर्वकाळ एकच, स्वतःची असते. दाखला एका जागी मात्र तोकडा पडतो: कन्नड आणि तेलुगू खरोखर अस्तित्वात आहेत, संस्पंदनातल्या सुट्या संरचना कधीच नसतात. खरा असतो तो फक्त त्यांचा संकर.

बेंझीन हे याचे मूळ उदाहरण. मायकेल फॅरेडे यांनी ते १८२५ मध्ये वेगळे केले आणि १८६५ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ केकुले यांनी त्याला एकाआड एक दुहेरी बंध असलेले षटकोनी वलय दिले. तसे असते तर वलयात दोन लांबीचे बंध सापडायला हवे होते, कारण कार्बन-कार्बन एकेरी बंध साधारण १५४ पिकोमीटरचा आणि दुहेरी १३४ पिकोमीटरचा असतो. बेंझीनमधले सहाही बंध सारखेच, सुमारे १४० पिकोमीटरचे आहेत. ऊर्जेचा हिशेब याहून बोलका आहे. सायक्लोहेक्झीनमधला एक दुहेरी बंध हायड्रोजनने भरला की मोलमागे सुमारे १२० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. म्हणजे तीन बंधांना ३६० हवी. बेंझीन देते सुमारे २०८. उरलेली १५० च्या आसपासची तूट ही त्याची संस्पंदन ऊर्जा, म्हणजे इलेक्ट्रॉन पसरल्यामुळे लाभलेले स्थैर्य.

हा विचार लायनस पॉलिंग यांनी १९३० च्या दशकात पुंजयामिकीच्या (क्वांटम मेकॅनिक्सच्या) आधारे मांडला. त्याच सुमारास एरिख ह्युकेल यांनी रेणवीय कक्षकांच्या, म्हणजे साऱ्या रेणूभर पसरलेल्या इलेक्ट्रॉन-जागांच्या वाटेने बेंझीन उलगडले. सोव्हिएत संघात १९५१ च्या सुमारास संस्पंदनावर ‘आदर्शवादी’, म्हणजे वस्तूऐवजी कल्पनेलाच खरे मानणारे, म्हणून अधिकृत टीका झाली. चित्रालाच रेणू समजू नये, इतका मुद्दा त्या वादातूनही घेण्यासारखा आहे.

बेंझीनपलीकडेही विस्थानीकरणाचे परिणाम दिसतात. अॅसिटिक आम्ल अल्कोहोलपेक्षा कितीतरी जास्त आम्लधर्मी असते, कारण प्रोटॉन गेल्यावर उरलेला ऋणभार दोन ऑक्सिजनांवर सारखा वाटला जातो. प्रथिनांतला पेप्टाइड बंध सपाट राहतो तोही विस्थानीकरणामुळेच.

सोलापूर या चादरी आणि टॉवेलांच्या शहरात विस्थानीकरण रोज डोळ्यांना दिसते, ते रंगांत. पसरायला वाट जितकी लांब, तितकी इलेक्ट्रॉनाला वरच्या ऊर्जापातळीवर चढायला ऊर्जा कमी लागते. बेंझीन फक्त अतिनील प्रकाश शोषते, म्हणून ते बिनरंगी. अॅझो रंगांत दोन नायट्रोजनांचा पूल दोन वलयांना जोडतो आणि शोषण दृश्य प्रकाशात येते. वाट तुटली की रंगही जातो. प्रयोगशाळेतले फिनॉल्फ्थॅलीन आम्लात बिनरंगी असते, कारण मधला कार्बन चार एकेरी बंधांनी बांधलेला असल्याने तिन्ही वलये एकमेकांपासून तुटलेली असतात. अल्कली पडताच तो कार्बन सपाट होतो, वलये जोडली जातात आणि द्रावण गुलाबी होते.

हळदीतले कर्क्युमिन सुमारे ४२५ नॅनोमीटरचा निळसर-जांभळा प्रकाश शोषते, म्हणून हळद पिवळी. पंढरपूरच्या दुकानांतून घराघरांत जाणारे कुंकू पारंपरिक रीतीने याच हळदीपासून करतात. त्यात घातलेल्या टाकणखारातला (बोरॅक्समधला) बोरॉन कर्क्युमिनला जोडला गेला की विस्थानीकरण बदलते आणि लाली चढते. लग्नघरातल्या चादरीवरचा हळदीचा डाग साबण लागताच लालसर होतो, कारण अल्कलीत कर्क्युमिन प्रोटॉन गमावते आणि तो ऋणभार साखळीभर पसरतो. साबण निघून गेला की डाग पुन्हा पिवळा होतो. मग चादर उन्हात वाळत घातली की प्रकाशाने कर्क्युमिनची साखळी तुटते, इलेक्ट्रॉनांना सलग वाट उरत नाही आणि डाग हळूहळू उडून जातो.