मणक्याच्या फिल्मवर दाणे का येतात? एक्स्पोजर बसवताना काय पाहावे

"लंबर लॅटरल नीट येत नाही, एल-५ एस-१ची जागा दाणेदार दिसते, ट्यूब उतरली असेल तर बघून जा." एक्स-रे मशिनची देखभाल करणाऱ्या आमच्यासारख्यांना हा फोन ठरलेला. (लंबर लॅटरल म्हणजे कंबरेच्या मणक्याची बाजूने काढलेली फिल्म. एल-५ एस-१ म्हणजे कंबरेचा शेवटचा मणका आणि त्याखालचे हाड यांचा सांधा.) आम्ही येतो, केव्ही (किरणांचा जोर ठरवणारे व्होल्टेज) मोजतो, आउटपुट मोजतो आणि बहुतेक वेळा ट्यूब ठणठणीत निघते. घोटाळा असतो तो पेशंटची ठेवण, ग्रिड (भरकटलेले किरण अडवणारी जाळी) आणि पॅनेलवरचे आकडे यांत कुठेतरी. छातीची फिल्म अशा बऱ्याच चुका पोटात घालते, मणक्याची घालत नाही. म्हणून हे पत्रक फक्त मणक्यापुरते. (डिजिटल आले तरी आपण सगळे 'फिल्म'च म्हणतो, इथेही तसेच म्हटले आहे.)

मणकाच एवढा का अडतो

छातीत हवा असते, किरण सहज पार होतात. कंबर आडव्या बाजूने ३० सेंटीमीटरच्या वर भरते. त्यात स्नायू, चरबी, आतडी आणि मधोमध हाड. तपासणीला वापरतो ते किरण शरीरातून जाताना साधारण दर ३ ते ४ सेंटीमीटरला निम्मे होतात. जाडी ३२ सेंटीमीटर धरली आणि दर ४ सेंटीमीटरला निम्मे म्हटले, तर आठ वेळा निम्मे झाले, म्हणजे अडीचशेत जेमतेम एक उरला. शिवाय किरण टिपणाऱ्या डिटेक्टरवर पोचणाऱ्यांत सरळ आलेल्या किरणांपेक्षा आत आपटून भरकटलेलेच जास्त. हाडाची कड दाखवतात ते सरळ आलेले. भरकटलेले, म्हणजे स्कॅटर, फिल्मवर फक्त धुरकटपणा चढवतात. मणक्याच्या फिल्मचे सगळे कौशल्य या दोन गोष्टींत आहे: सरळ किरण पुरेसे पोचवणे आणि स्कॅटर अडवणे.

पडद्यावरचा उजेड फसवा असतो

डार्करूमच्या काळात एक्स्पोजर कमी पडले की फिल्म पांढरी, जास्त झाले की काळी. चूक हातात आल्याआल्या दिसायची. सीआर (प्लेट रीडरमध्ये घालून वाचायची) आणि डीआर (थेट डिजिटल) पद्धतीत कॉम्प्युटर उजेड स्वतःच जुळवून घेतो. एक्स्पोजर कमी पडले तर उजेड ठीकच दिसतो, पण वाळू भुरभुरावी तसे दाणे येतात. दुप्पट झाले तर काहीच खटकत नाही, उलट फिल्म जास्त स्वच्छ दिसते.

आम्हाला सगळ्यात जास्त काळजी याच गोष्टीची वाटते. दाण्यांबद्दल डॉक्टर लगेच बोलतात, जास्त डोसबद्दल कुणीच बोलत नाही, कारण तो दिसत नाही. मग हात हळूहळू वर सरकत जातो. वार्षिक सर्व्हिसला आम्ही पॅनेलमधले साठवलेले आकडे बसवलेल्या दिवसाच्या आकड्यांशी ताडून पाहतो. लंबरचा एमएएस (किरण किती सोडायचे तो आकडा) अनेकदा वाढलेला असतो आणि कुणी, कधी वाढवला हे कुणालाच आठवत नसते. आणि मणक्याचा पेशंट एकदा येऊन संपत नाही. पाठीला बाक असलेली मुले वाढीच्या वयात वर्षानुवर्षे येत राहतात.

उजेडावर विसंबू नका, एक्स्पोजर इंडेक्स, म्हणजे डिटेक्टरवर किती किरण पोचले ते सांगणारा आकडा, बघा. २००८च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार चालणाऱ्या सिस्टिमवर त्याच्या शेजारी डेव्हिएशन इंडेक्सही दिसतो. तो शून्य असेल तर एक्स्पोजर ठरवल्याइतके झाले. अधिक ३ म्हणजे दुप्पट, उणे ३ म्हणजे निम्मे. अधिक १ म्हणजे सुमारे पावपट जास्त. रोजच्या लंबर फिल्म सतत अधिक २-३ दाखवत असतील तर फिल्म कितीही देखणी असली तरी एमएएस खाली आणा. काही जुन्या सीआर रीडरवर हा आकडा उलटा चालतो, म्हणजे एक्स्पोजर वाढले की आकडा घटतो. तुमच्याकडे कोणता आहे याची खात्री नसेल तर विचारा, आम्ही कन्सोलवर चिठ्ठी लावून देऊ. मणक्यात स्क्रू-रॉड असतील किंवा कोलिमेशन (किरणांचा झोत हव्या त्या भागापुरता बंद करणे) वेडेवाकडे असेल तेव्हा मात्र हा आकडा बहकतो. तेव्हा फिल्म मोठी करून मणक्याच्या कडा आणि दाणे डोळ्यांनी तपासा.

केव्ही आणि एमएएस : एक हिशेब

एमएएस म्हणजे किरण किती, केव्ही म्हणजे त्यांचा जोर किती. दोन ठोकताळे पुरतात. दर ४ सेंटीमीटर जाडीला एमएएस दुप्पट. आणि केव्ही १५ टक्के वाढवला तर एमएएस निम्मा चालतो.

समजा एका पेशंटची एपी (पुढून मागे) जाडी २४ सेंटीमीटर आहे आणि ७८ केव्ही, ३० एमएएसवर फिल्म छान आली. त्याच पेशंटची लॅटरल जाडी ३२ भरली. जाडी ८ सेंटीमीटरने वाढली म्हणजे दोनदा दुप्पट, १२० एमएएस. तेवढे द्यायची गरज नाही. केव्ही ९० करा, ६० एमएएस पुरतील. असे केल्याने त्वचेवर पडणारा डोसही साधारण एक तृतीयांशाने उतरतो. केव्ही वाढवला की कॉन्ट्रास्ट थोडा जातो हे खरे, पण डिजिटलमध्ये तो प्रोसेसिंगमधून बराचसा भरून निघतो. न पोचलेले किरण मात्र कोणतेही प्रोसेसिंग भरून देत नाही. लंबर लॅटरल अजूनही ७५ केव्हीवर काढणारी केंद्रे आम्ही पाहतो. तिथे एमएएस १५०च्या पुढे गेलेला असतो आणि एल-५ तरीही पांढरेच असते.

लंबर एपीसाठी ७५ ते ८०, लॅटरलसाठी ८५ ते ९५, एल-५ एस-१ स्पॉटसाठी (फक्त तेवढ्या जागेच्या फिल्मसाठी) ९५ ते १०० केव्हीपासून सुरुवात करा. एमएएस तुमचा डिटेक्टर आणि ग्रिड पाहून बसवावा लागेल. त्यासाठी जाडी मोजा. टेबलाजवळ एक कॅलिपर टांगलेला असावा असा आमचा आग्रह आहे. वजनावरून किंवा नुसत्या नजरेने घेतलेला अंदाज कंबरेच्या बाबतीत नेहमी चुकतो.

वेळही पाहा. ६० एमएएस १०० एमएवर (एमए म्हणजे ट्यूबचा करंट) दिले तर ६०० मिलिसेकंद लागतात, ३०० एमएवर २००. पाठ दुखणारा माणूस कुशीवर स्थिर राहू शकत नाही. हललेली फिल्म आणि दाणेदार फिल्म यांतला फरक ओळखायला शिका: हललेलीत कडा दुहेरी किंवा पुसट दिसतात, दाणेदारमध्ये कडा असतात पण तुटक दिसतात. पहिलीला वेळ कमी करावा लागतो, दुसरीला किरण वाढवावे लागतात.

चार बोटांचा फरक

एका केंद्रात एईसीवर (पुरेसे किरण पोचले की एक्स्पोजर आपोआप तोडणाऱ्या यंत्रणेवर) काढलेली लंबर लॅटरल दर वेळी दाणेदार येत होती. एपी उत्तम. त्यांनी एईसी बिघडली असे धरून डेन्सिटी (एईसीचे एक्स्पोजर कमी-जास्त करायचे बटण) दोन घरे वाढवून ठेवली होती. आम्ही पुढच्या पेशंटच्या वेळी तिथेच उभे राहिलो. बाई कुशीवर झोपल्या, कोलिमेटरचा दिवा लागला आणि पाठीमागे टेबलावर हाताच्या पंजाएवढा उजेडाचा पट्टा पडला. बकीतला, म्हणजे टेबलाखालच्या ट्रेमधला, मधला सेन्सर अर्धा पाठीखाली, अर्धा त्या उघड्या पट्ट्याखाली. तिथे किरण कशातूनही न गाळता थेट पोचत होते, म्हणून सेन्सरला वाटायचे की पुरेसे झाले आणि तो एक्स्पोजर तोडायचा. पॅनेलवर एक्स्पोजरनंतरचा एमएएस १८ दिसला.

डेन्सिटी परत शून्यावर आणली. पुढच्या पेशंटला, साधारण त्याच बांध्याच्या, टेबल चार बोटे सरकवून मणका सेन्सरच्या बरोबर वर घेतला. कोलिमेटर पाठीच्या कडेपर्यंत बंद केला आणि पाठीमागे टेबलावर लेड रबरचा तुकडा ठेवला. एमएएस ५८ झाला, एल-५ एस-१ची फट स्वच्छ दिसली.

लॅटरलमध्ये मणका पाठीच्या कातडीपासून किती आत असतो याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. आणि फिल्म काढून झाल्यावर पडद्यावर कडा कापून सुबक करणे म्हणजे कोलिमेशन नव्हे. तोवर स्कॅटर झालेला असतो आणि पेशंटला डोस मिळालेला असतो. कोलिमेटर आधी बंद करा. मेहनत काही नाही आणि कॉन्ट्रास्टला याहून स्वस्त इलाज नाही.

ग्रिड

गुस्ताव्ह बकी यांनी १९१३मध्ये स्कॅटर अडवणारी जाळी मांडली. आपण टेबलाखालच्या त्या ट्रेला आजही 'बकी' म्हणतो ते त्यांच्यामुळे. ग्रिडमधल्या शिशाच्या पट्ट्या ठरावीक अंतरावरच्या ट्यूबकडे तोंड करून कललेल्या असतात. १० : १ रेशोचा (पट्ट्यांची उंची मधल्या फटीच्या दहापट), १०० सेंटीमीटर फोकसचा ग्रिड असेल आणि ट्यूब मध्यापासून आडवी ३ सेंटीमीटर सरकली, तर सुमारे ३० टक्के सरळ किरण ग्रिडच खाऊन टाकतो. फिल्म सगळीकडे सारखीच फिकी होते, म्हणून कारण लक्षात येत नाही आणि एमएएस वाढवला जातो. ग्रिड उलटा बसला असेल तर मधे एक पट्टा ठीक आणि दोन्ही बाजू पांढऱ्या. साफसफाईनंतर हे आम्ही अनेकदा पाहिले आहे. ट्यूबकडची बाजू ग्रिडवर छापलेली असते, ती पाहून बसवा.

फिल्मवर आडव्या-उभ्या लाटांची नक्षी दिसत असेल तर तो डिटेक्टरचा दोष नसेल. स्थिर ग्रिडच्या रेषा आणि सीआर रीडरच्या रेषा जवळजवळ जुळल्या की अशी नक्षी उमटते. जास्त रेषांचा ग्रिड किंवा हलता बकी हाच इलाज. सीआर घेताना जुना ग्रिड तसाच ठेवलेल्यांनी हे आवर्जून तपासावे.

मान, छातीचा मणका आणि बाक

मानेच्या लॅटरलला खांद्यामुळे मान डिटेक्टरपासून लांब राहते. हे अंतर २५ सेंटीमीटर असेल तर १०० सेंटीमीटर अंतरावरून ती १.३३ पट मोठी आणि कडा पुसट येतात. १८० सेंटीमीटरवरून १.१६ पट. म्हणून ट्यूब १८० वर न्या. अंतर वाढल्याने एमएएस सव्वातीन पट लागेल. पण मधल्या हवेत स्कॅटर बराच बाहेर निसटतो, त्यामुळे सडपातळ माणसाला ग्रिड काढता येतो आणि ती वाढ बरीचशी वसूल होते. श्वास सोडून थांबायला सांगा, खांदे उतरतात. तरीही सी-७ आणि टी-१ (मानेचा शेवटचा आणि छातीचा पहिला मणका) दिसले नाहीत तर फिल्म अपुरी आहे, स्विमर्स व्ह्यू (एक हात वर करून बाजूने काढलेली फिल्म) घ्या.

छातीच्या मणक्याची एपी वर काळी आणि खाली पांढरी येते. ट्यूबची कॅथोड बाजू पोटाकडे ठेवा, तिकडे किरण जास्त असतात. लॅटरलला श्वास रोखायची घाई नको. कमी एमए, दोन-तीन सेकंद, आणि पेशंटला न हलता हळू श्वास घेऊ द्या. फासळ्या आणि फुप्फुसाच्या रेषा पुसल्या जातात, मणके जागच्या जागी राहतात. यासाठी पेशंट शांत हवा. अपघातातल्या माणसावर ही पद्धत वापरू नका.

बाक मोजण्याच्या फिल्म मुलींच्या बाबतीत तरी पीए घ्या, छाती डिटेक्टरकडे. किरण पाठीतून शिरतात आणि वाढत्या स्तनांवर डोस खूपच कमी पडतो. मणका थोडा मोठा येतो, पण कोन मोजायला त्याने बिघडत नाही. कुशीवरच्या लॅटरलला बाकाची फुगीर बाजू टेबलाकडे ठेवा, म्हणजे पसरत जाणारे किरण मणक्यांमधल्या फटींतून सरळ निघतात.

आम्हाला बोलावण्याआधी

पेशंट मध्यावर होता का, ग्रिड सरळ होता का, पॅनेलवर अवयव बरोबर निवडला होता का, एवढे पाहून घ्या. लंबरची फिल्म पोटाच्या प्रोग्रॅममध्ये गेली तरी हाड फ्लॅट दिसते. सीआर प्लेट दोन-तीन दिवस पडून असेल तर आधी रीडरमध्ये इरेझ करून घ्या.

तरीही प्रश्न राहिला तर खराब आलेली फाइल डिलीट करू नका आणि तिच्या कडा कापू नका. पेशंटचे नाव काढून ती तशीच पाठवा. सोबत केव्ही, एक्स्पोजरनंतर दिसलेला एमएएस, ट्यूबचे अंतर, पेशंटची सेंटीमीटरमधली जाडी आणि इंडेक्सचा आकडा लिहा. बऱ्याच वेळा फोनवरच उलगडा होतो आणि तुमचे मशिन दिवसभर बंद ठेवावे लागत नाही.