@ लावल्याने चूक जात नाही
नाशिकमध्ये कॉलेज रोडच्या क्लासेसपासून सातपूरच्या छोट्या ऑफिसांपर्यंत एक समज पक्का बसलाय: पीएचपी या वेबसाइटच्या प्रोग्रामिंग भाषेत फंक्शनआधी (ठरावीक काम करणाऱ्या आज्ञेआधी) @ लावला की वॉर्निंगचा, म्हणजे काहीतरी चुकल्याच्या इशाऱ्याचा, प्रश्न मिटला. मिटत नाही. समजा, द्राक्षांच्या भावाची फाइल सर्व्हरवर नाहीच. @ लावून वाचली तरी हाती ‘फॉल्स’ (म्हणजे ‘जमलं नाही’) येतो आणि पानावर भावाची जागा कोरी राहते. सगळ्यात वाईट म्हणजे, दाबलेल्या वॉर्निंगची एरर लॉगमध्येही (सर्व्हरवरच्या चुकांच्या नोंदवहीत) सहसा नोंद होत नाही. मग कारण शोधायचं कुठे? २०२० मध्ये आलेल्या पीएचपी ८.० पासून तर फेटल एरर, म्हणजे प्रोग्रामच थांबवणाऱ्या चुका, @ ने दबतही नाहीत. ग्राहकाला एरर दिसू नये, ही काळजी रास्तच आहे. त्यासाठी ग्राहक वापरतात त्या लाइव्ह सर्व्हरवर पीएचपीच्या सेटिंगमध्ये ‘डिस्प्ले एरर्स’ (चुका पानावर दाखवणं) बंद, ‘लॉग एरर्स’ (चुका लॉगमध्ये नोंदवणं) चालू ठेवा. आणि फाइल वाचल्यावर ‘फॉल्स’ आला का, ते कोडमध्येच तपासा.