एप्रिलमधला गंज: न हलणाऱ्या लोखंडाच्या झिजेची पार्श्वभूमी

सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकातून आत वळलं की भर दुपारीही मागांचा खडखडाट रस्त्यावर ऐकू येतो. माझ्या मामांचे चार माग त्याच खडखडाटातले, जेकार्ड चादरीचे. एका एप्रिलमध्ये त्यातल्या एका मागाची पुली शाफ्टवर सैल झाली. माग मधूनच ठोका द्यायचा, चाल बिघडायची आणि चादरीत आडवे पट्टे पडायचे. जॉबरने, म्हणजे मागांची दुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रीने, पुलर लावून पुली ओढून काढली. जिथे ती घट्ट बसवलेली होती, नेमक्या तिथेच शाफ्टवर तांबूस-तपकिरी भुकटी साचलेली. कोरड्या जागी विटेच्या पुडीसारखी, तेल लागलेल्या जागी भिजवलेल्या मेंदीसारखी. मी बोट फिरवलं तर ती बोटाच्या रेघांत जाऊन बसली, चिंधीने पुसूनही जाईना. मामा म्हणाले, "गंज चढलाय." जॉबरनेही मान डोलावली.

एप्रिलमधलं सोलापूर ज्याला माहीत आहे त्याला पुढचा प्रश्न लगेच सुचेल. पारा 42 वर, पत्र्याच्या शेडमध्ये ओठ फुटावेत इतकी कोरडी हवा, पावसाला दोन महिने अवकाश. शिवाय जोड घट्ट आणि तेलकट. मग या जोडात गंज शिरला कसा? मी तेव्हा मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि मलाही उत्तर येत नव्हतं. पुढे वाचत गेलो तेव्हा कळलं की याच भुकटीने जगभरच्या अभियंत्यांना कित्येक वर्षं चकवलं होतं.

या झिजेला फ्रेटिंग म्हणतात. मूळ इंग्रजी शब्दाचा जुना अर्थ कुरतडून खाणं असा आहे, आणि तो इथे अगदी चपखल बसतो. दोन धातू एकमेकांवर घट्ट दाबलेले असतात, आपल्या लेखी ते हलतच नाहीत. पण धक्क्याने, कंपनाने ते एकमेकांवर काही मायक्रॉन इकडे-तिकडे सरकत राहतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्याचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. ही हालचाल बहुतेकदा त्याहूनही लहान.

आकडेमोड करून पाहिली तर अंगावर येते. समजा मागाचा शाफ्ट मिनिटाला शंभर फेरे घेतो आणि दिवसाचे दहा तास चालतो. दिवसाला 60,000 फेरे, वर्षाच्या 300 दिवसांत 1 कोटी 80 लाख. प्रत्येक फेऱ्याला पुली दहा मायक्रॉन पुढे आणि दहा मागे सरकली, तर वर्षाला 360 मीटर घासणं झालं. जी पुली हलत नाही असं आपण म्हणतो, ती वर्षभरात 360 मीटर घासली जाते.

घर्षणाचा अभ्यास मात्र आधीपासून सरकणाऱ्या वस्तूंचा होता. लिओनार्दो दा विंचीच्या वह्यांत 1493 च्या सुमारापासून घर्षणाची टिपणं आहेत, पण ती छापली गेली नव्हती. फ्रान्समध्ये गिलोम आमोंतों यांनी 1699 मध्ये तेच नियम नव्याने मांडले: घर्षण भाराच्या प्रमाणात वाढतं, आणि वस्तूच्या दिसणाऱ्या क्षेत्रफळाशी त्याचा संबंध नाही. कुलोम यांचा मोठा अभ्यास 1785 मध्ये छापून आला. हे नियम आजही अकरावी-बारावीला शिकवतात. दुसरा नियम वर्गात कुणाला पटत नाही, आणि न पटणाऱ्या मुलाची शंका रास्त असते. वीट आडवी ठेवली काय नि उभी ठेवली काय, घर्षण तेवढंच कसं?

याचं उत्तर मिळायला विसावं शतक उजाडावं लागलं. जर्मनीत रॅग्नार होल्म विजेच्या संपर्कांचा रोध मोजत होते, तर केंब्रिजमध्ये बाउडन आणि टेबर धातूंवर प्रयोग करत होते. दोन्हीकडून निष्कर्ष एकच निघाला: दिसणारं क्षेत्रफळ फसवं असतं. टाकी लावलेल्या जात्याच्या दोन तळ्या एकमेकींवर ठेवा. टेकतात ती फक्त वर आलेली टोकं. पॉलिश केलेलं पोलादही जवळून तसंच असतं. मऊसर पोलादाच्या दोन ठोकळ्यांवर 100 किलो भार ठेवला तर त्यांचा खरा स्पर्श साधारण अर्ध्या चौरस मिलिमीटरइतकाच होतो, मग ठोकळा तळहाताएवढा असो की ताटाएवढा. भार वाढला की टोकं चेपतात आणि स्पर्श वाढतो. सगळा भार आणि सगळी झीज त्या टोकांवरच.

भुकटीची पहिली ठळक नोंद आहे 1911 मधली. ईडन, रोझ आणि कनिंगहॅम हे तिघे इंग्लंडमध्ये पोलादाच्या सळ्या पुन्हा पुन्हा ताणून-वाकवून त्या किती टिकतात हे पाहत होते. सळी जिथे यंत्राच्या पकडीत घट्ट धरलेली असे तिथे त्यांना तपकिरी पूड दिसली. त्यांचा विषय वेगळा होता. नोंद करून ते पुढे गेले.

ती नोंद मनावर घेतली जी. ए. टॉमलिन्सन यांनी. लंडनजवळ टेडिंग्टनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत त्यांनी खास यंत्रं बनवली, ज्यांत पोलादाचे दोन पृष्ठभाग दाबून धरायचे आणि ठरवून अगदी सूक्ष्म अंतर मागे-पुढे सरकवायचे. त्यांचा निबंध 1927 मध्ये आला. मला तो या सगळ्या इतिहासातला सर्वांत सुंदर टप्पा वाटतो, कारण त्यांनी विचारलेला प्रश्न साधा होता: दाब ठेवला आणि सरकणं शून्यावर आणलं तर? पूड पडली नाही. दाब कितीही असो, सरकल्याशिवाय नुकसान नाही. आणि सरकणं कितीही थोडं असो, नुकसान होतंच. म्हणजे हा गंज बाहेरून आत आलेला नव्हता. धातूचे कण आधी निघत होते आणि हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून नंतर तांबडे होत होते. कारण कुठलं आणि परिणाम कुठला, एवढं उलगडायला पुढे थॉर्प आणि गॉफ यांच्यासह 1939 पर्यंत काम चाललं.

आमच्या एप्रिलचा जबाब मात्र 1954 मधला. अमेरिकेत फेंग आणि उलिग यांनी मऊ पोलाद साध्या हवेत आणि नायट्रोजनमध्ये घासून पाहिलं. नायट्रोजनमध्ये नुकसान बरंच कमी. हवेत दमटपणा असला तरीही कमी. कोरड्या हवेत जास्त. साध्या गंजाच्या अगदी उलट! गंजाला पाणी लागतं, फ्रेटिंगला कोरडी हवा मानवते. दमटपणात तयार होणारी पूड मऊ असते, जोडातून सहज सरकून जाते आणि धातूला तेवढी खरवडत नाही. ज्या हवेमुळे आम्ही "इथे गंज कसा येईल" असं म्हणत होतो, तीच हवा या झिजेला पोषक होती. सुताचे धागे तुटू नयेत म्हणून मोठ्या गिरण्यांमध्ये मुद्दाम हवा ओलसर ठेवतात. आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये तशी सोय कधीच नव्हती.

पुडीचा स्वभावही चमत्कारिक. लोखंडाचं तांबडं ऑक्साइड पोलादाहून कठीण असतं, म्हणून अडकलेली पूड एमरी पेपरसारखं काम करते. शिवाय ज्या लोखंडापासून ते बनतं त्याच्या दुपटीहून थोडी जास्त जागा ते व्यापतं. म्हणून एकाच दुखण्याची दोन विरुद्ध लक्षणं दिसतात. पुडीला बाहेर पडायला वाट असेल तर जोड सैल होतो, जशी आमची पुली झाली. वाट नसेल तर ती आतच फुगून जोड असा जाम करते की हातोडा मारूनही निघत नाही. फिटर लोक या दोन्ही तक्रारी घेऊन येतात आणि त्यांना त्या वेगळ्या वाटतात, यात त्यांची चूक नाही.

त्याआधी, टॉमलिन्सन यांच्याच काळात, अमेरिकेत मोटारगाड्यांचं एक कोडं गाजत होतं. कारखान्यातून नवीन गाड्या रेल्वेने दूरवर पाठवल्या जात. गाड्या न चालवलेल्या, चाकं न फिरलेली. तरी उतरवल्यावर चाकांच्या बेअरिंगमध्ये गोळ्यांच्या अंतराअंतरावर खळगे दिसत. ब्रिनेलच्या कठीणता-चाचणीत गोळी दाबून जसा खळगा पडतो तसेच, म्हणून त्याला खोटं ब्रिनेलिंग असं नाव पडलं. आल्मेन यांनी 1937 मध्ये त्याचा अभ्यास मांडला: डब्याच्या कंपनाने गोळ्या जागच्या जागी थरथरतात, त्याखालचं ग्रीस बाजूला होतं आणि पुन्हा आत येत नाही, कारण बेअरिंग फिरतच नाही. मामांच्या शेडमध्ये एक जादा मोटर चालत्या मागांशेजारीच फरशीवर वर्षभर पडून होती. गरज पडल्यावर जोडली तर पहिल्याच दिवशी बेअरिंग किरकिरलं. विकणाऱ्याने खराब माल दिला म्हणून मामा चिडले. मीही त्यांच्याबरोबर जाऊन त्याच्याशी भांडून आलो, याची मला आज खंत वाटते. शेजारच्या चार मागांनी त्या थांबलेल्या मोटरीला वर्षभर थरथरवलं होतं. अशा जादा मोटरीचा शाफ्ट मधूनमधून हाताने थोडा फिरवून ठेवायचा असतो, आणि शक्यतो ती चालत्या यंत्राच्या फरशीवर ठेवायचीच नाही.

पुली सैल झाली तर पट्टे पडतात. आगगाडीच्या आसाचं तसं नाही. सोलापूरपर्यंत रूळ आले 1860 मध्ये, आणि त्याच दशकात प्रशियात व्होलर आगगाड्यांचे आस पुन्हा पुन्हा वाकवून ते कितव्या फेऱ्याला तुटतात हे मोजत होते. भार पेलण्यासारखा असूनही आस काही वर्षांनी अचानक का तुटतो, हा त्या काळाचा जिवावरचा प्रश्न होता. 1842 मध्ये व्हर्सायजवळ आस तुटून झालेल्या अपघातात पन्नासहून अधिक माणसं गेली होती. पुढे दिसलं की पुष्कळदा तडा सुरू होतो तो चाक दाबून बसवलेल्या जागेच्या कडेला, थोडासा आत, जिथे डोळा पोहोचत नाही. तिथेही तीच तांबडी पूड. भाराखाली फिरताना आस प्रत्येक फेऱ्याला वाकतो, चाक वाकत नाही, आणि कडेला दोघांत मायक्रॉनभर सरकणं होतं. त्या कुरतडीतून तडा जन्माला येतो. धातूची दमण्याची मर्यादा, म्हणजे पुन्हा पुन्हा दिला तरी तो ज्याने तुटत नाही तेवढा ताण, अशा जोडात निम्म्याखालीही येऊ शकते. यावर उपायही रेल्वेमुळेच पक्के झाले. चाक बसण्याची जागा आसाच्या इतर भागापेक्षा थोडी जाड ठेवायची. पृष्ठभागावर रोलर दाबून फिरवायचा, म्हणजे वरचा थर आतून दाबाखाली राहतो आणि तडा उघडत नाही. अमेरिकेत होर्गर यांनी 1930 च्या दशकात याचे प्रयोग केले. आपल्या रेल्वेच्या कार्यशाळांत आसांची अल्ट्रासोनिक तपासणी होते, तीही न दिसणाऱ्या जागेसाठीच.

कडेलाच का, याचं गणित इटलीत कात्तानेओ यांनी 1938 मध्ये आणि अमेरिकेत मिंडलिन यांनी 1949 मध्ये स्वतंत्रपणे सोडवलं. गोळी सपाट पृष्ठभागावर दाबली की मध्यावर दाब जास्त, कडेला शून्याकडे जाणारा. आडवा जोर लावला की कडेचं कडं आधी सरकतं, मधला भाग चिकटून राहतो. म्हणजे एकच जोड एकाच वेळी हलतोही आणि स्थिरही असतो. के. एल. जॉन्सन यांनी 1955 मध्ये प्रयोगाने ते कडं दाखवून दिलं.

नंतरचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. आर्चर्ड यांनी 1953 मध्ये झिजेचं साधं सूत्र दिलं: झीज भार आणि घासलेल्या अंतराच्या प्रमाणात, कठीणतेच्या व्यस्त प्रमाणात. ब्रिटनमध्ये 1966 च्या जोस्ट अहवालाने घर्षण, झीज आणि वंगण या तिघांना मिळून ट्रायबॉलॉजी हे नाव रूढ केलं आणि नीट लक्ष दिलं तर देशाचे वर्षाला 51.5 कोटी पौंड वाचतील असा हिशेब मांडला. फ्रान्समध्ये गोदे यांनी पुडीकडेच लक्ष वळवलं. त्यांच्या मते दोन धातूंच्या मध्ये ती तिसरा घटक म्हणून काम करते, कधी इजा करते, कधी उलट संरक्षण देते. स्वीडनमध्ये विंग्सबो आणि सॉडरबर्ग यांनी 1988 मध्ये नकाशे काढले: किती सरकल्यावर जोड चिकटलेला, किती सरकल्यावर अर्धवट, आणि कधी पूर्ण घसरणारा. अर्धवट टप्प्यात तडे जास्त, पूर्ण घसरण्यात झीज जास्त. हा भेद कळल्याशिवाय उपाय निवडताच येत नाही. घसरणाऱ्या जोडाला वंगण मदत करतं. पण घर्षणाच्या जिवावर टिकलेल्या जोडात तेल ओतलं तर सरकणं वाढूही शकतं.

आज हे संशोधन कृत्रिम खुब्याच्या जोडापासून मोटारीच्या वायरिंगपर्यंत पोहोचलंय. कथिलाचा मुलामा दिलेल्या कनेक्टरच्या पिना इंजिनाच्या तापण्या-निवण्याने मायक्रॉनभर सरकतात, कथिलाचं ऑक्साइड साचतं आणि वीज अडखळते. गाडी मधूनच बंद पडते; मेकॅनिक कनेक्टर काढून परत लावतो आणि ती सुरू होते, कारण काढताना-घालताना पूड खरवडली जाते.

मामांच्या पुलीचं काम त्या वर्षी एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडे झालं. शाफ्टवर धातू भरून पुन्हा टर्निंग केलं, पुलीला आतून बुश घातला आणि फिट आधीपेक्षा एक दोन शतांश मिलिमीटर जास्त घट्ट ठेवली. पुली शाफ्टवर फिरू नये म्हणून दोघांमध्ये ठोकतात ती चावीही नवीन, कसून बसवलेली. दीड वर्षाने दुसऱ्याच कामासाठी पुली पुन्हा काढावी लागली तेव्हा मी मुद्दाम गेलो. मधला भाग करडा, स्वच्छ, टर्निंगच्या बारीक रेघासुद्धा जशाच्या तशा. दोन्ही कडांना मात्र करंगळीच्या नखाएवढी रुंद तांबूस पट्टी होती.