जंक, नॉट जंक आणि मधला कोरा मेल

मार्चअखेर. नागपूरजवळच्या वाडीच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसातून फोन : "भाऊ, बिल्टीचे (मालाच्या पावतीचे) मेल येऊनच नाही राहिले." जाऊन पाहिलं तर बरेचसे आले होते. थंडरबर्ड या मेल प्रोग्रामच्या जंक फोल्डरात निवांत पडले होते, आणि इनबॉक्स लोन आणि लॉटरीने भरलेला. असा उलटा कारभार दिसला की लोक प्रोग्राम काढून पुन्हा टाकतात. तो बिघडलेला नसतो. त्याला जसं शिकवलं तसा तो वागतो, आणि ही शिकवणीची भानगड वीसेक वर्षांपूर्वीची आहे.

१९७८ साली अर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजावर, चारेकशे जणांना गेलेली कॉम्प्युटरची जाहिरात, १९९४ ची ग्रीन कार्डवाली, नको असलेल्या घाऊक मेलला डबाबंद मांसावरून पडलेलं 'स्पॅम' हे नाव, हा सगळा इतिहास वाचकांना पाठ असेल. आपल्या कामाची तारीख आहे ऑगस्ट २००२. तोवरचे फिल्टर म्हणजे नियमांची यादी : विषयात 'फ्री' दिसलं की उडव. स्पॅमवाले 'फ्री'च्या मधे टिंबं घालायचे आणि सुटायचे. त्या महिन्यात एका अमेरिकी प्रोग्रामरने लेख लिहून सांगितलं की नियम सोडा, शब्द मोजा. तुमचे चांगले मेल एका ढिगात, वाईट दुसऱ्यात, आणि कुठला शब्द कुठे किती वेळा येतो ते बघा. नव्या मेलमधले सर्वांत बोलके १५ शब्द घ्या, संभाव्यता काढा, ०.९ च्या वर गेली की स्पॅम. कल्पना अगदी कोरी नव्हती, १९९८ च्या शोधनिबंधांत ती आलेली होती. पण पेटली ती या लेखाने. मार्च २००३ च्या मोझिला १.३ या ब्राउझर-मेल संचात असा फिल्टर आला, आणि डिसेंबर २००४ च्या थंडरबर्ड १.० बरोबर तो धरमपेठेतल्या सीए ऑफिसांपर्यंत पोचला. निदान मी तरी तो तिथे पोचवला.

खरी गाठ इथे आहे. वापरणाऱ्याला वाटतं मेलचे प्रकार दोन, जंक आणि चांगला. प्रोग्रामच्या लेखी तीन आहेत : जंक, नॉट जंक, आणि ज्याच्यावर कोणी काहीच खूण केली नाही असा कोरा. कोरा मेल म्हणजे चांगला मेल नव्हे. तो तुम्ही वाचला, उत्तर दिलं, फोल्डरात जपून ठेवला, तरी फिल्टरच्या वहीत त्याची नोंद नाही. यादीत मात्र कोरा आणि नॉट जंक सारखेच दिसतात, कारण जंक मेलवर दिसणारं आगीचं चिन्ह दोघांवरही नाही.

वाईट मेलसाठी समोर ठसठशीत जंक बटन. चांगल्याला चांगला म्हणायचं तर राइट क्लिक करून मार्कमध्ये शिरा, नाहीतर शिफ्ट आणि जे दाबा. नॉट जंकचं बटन डोळ्यांसमोर येतं ते मेल आधीच जंक ठरल्यावर. बनवणाऱ्यांच्या बाजूने म्हणायचं तर चांगला मेल ही नेहमीची गोष्ट. रोज तिच्यावर शिक्का मारायला सांगितलं तर मारणार कोण? मला हे पटत नाही. शब्द मोजणाऱ्या यंत्राला एकच ढीग दाखवला तर त्याला सगळंच त्या ढिगासारखं दिसणार. वाडीच्या ऑपरेटरला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "चांगल्याले चांगलं म्हणून सांगा लागते का बाप्पा?" लागते. त्या दिवशी जुन्या बिल्ट्यांचे दोनेकशे मेल निवडून शिफ्ट-जे दाबलं, आणि पुढच्या आठवड्यापासून इनबॉक्स ताळ्यावर आला.

मराठी मेलचं दुखणं आणखी वेगळं होतं. युनिकोड रुळण्याआधी इथल्या डीटीपीवाल्यांचा आणि बऱ्याच ऑफिसांचा मजकूर कृतिदेव या फॉन्टमध्ये असायचा. आपल्याला 'नागपूर' दिसे, फिल्टरला मात्र त्याखालची रोमन अक्षरं : यू, के, एक्स, आय, डब्ल्यू, जे. फिल्टरला चकवायला स्पॅमवाले तेव्हा असल्याच निरर्थक अक्षरांच्या माळा मेलच्या तळाशी चिकटवत. तालुक्याच्या बातम्या आणि पत्रिकांचे मसुदे त्यांच्याच रांगेत जाऊन बसले तर नवल नाही.

ही सगळी शिकवण प्रोफाइलमधल्या (थंडरबर्डचा सगळा डेटा ठेवणाऱ्या फोल्डरमधल्या) ट्रेनिंग डॅट नावाच्या एका फाइलमध्ये राहते. मशीन फॉरमॅट करताना मेल जपतात, ही फाइल विसरतात, आणि फिल्टर पुन्हा बालवाडीत. मी तर एकेकाळी शहाणपणा करून एका ऑफिसची तयार फाइल पेन ड्राइव्हवर दुसऱ्याकडे न्यायचो. संत्र्याच्या व्यापाऱ्याकडे 'लोन' म्हणजे कचरा. तीच फाइल लोन एजंटाकडे टाकली, त्याचा धंदाच जंकमध्ये गेला. शिवाय फाइल खात्यागणिक नसते, प्रोफाइलगणिक असते. बाप-लेकांची खाती एकाच प्रोफाइलमध्ये असली की एकाची चूक दुसऱ्याला भोवते.

अॅड्रेस बुकमधल्या माणसाचा मेल जंक धरू नये, ही सोयही अशीच उलटली. आपला स्वतःचा पत्ता अॅड्रेस बुकात असतो, आणि स्पॅमवाले पाठवणारा म्हणून तुमचाच पत्ता लावतात. तो मेल सरळ आत.

मायक्रोसॉफ्टच्या आउटलूकने वेगळी वाट धरली. २००३ च्या आवृत्तीत जंक फिल्टर आला, पण तुमच्या खुणांवरून तो शिकत नसे; त्याचं ज्ञान अपडेटमधून यायचं. 'ब्लॉक सेंडर' दाबून फक्त तेवढा पत्ता यादीत जातो, आणि स्पॅमवाला दर वेळी नव्या पत्त्याने येतो. १ नोव्हेंबर २०१६ पासून ती अपडेटच थांबली. याद्या चालतात, पण त्यामागचं ज्ञान त्या तारखेला गोठलेलं. अजूनही लोक लेव्हल 'हाय' करून बघतात.

तोवर निवाडा सर्व्हरवर गेलेला होता. तिथेही चुका होतातच. १ जानेवारी २०१० ला स्पॅमअॅसॅसिन या सर्व्हरवरच्या फिल्टरचा एक नियम २०१० हे साल दूरच्या भविष्यातलं समजून मेलला जादा गुण देऊ लागला. पाच गुणांना स्पॅम ठरतो. थंडरबर्डमध्ये 'या हेडरवर (म्हणजे मेलच्या माथ्यावरच्या नोंदीवर) विश्वास ठेवा' ही टिक असेल तर सर्व्हरचा निकाल डेस्कटॉप निमूट पाळतो. त्या वर्षी नववर्षाच्या शुभेच्छा जंकमध्ये सापडल्या त्या अशा.

दरम्यान पाठवणाऱ्याचं डोमेन, म्हणजे पत्त्यातलं @ नंतरचं नाव, खरं आहे का हे तपासणाऱ्या पद्धती आल्या : एसपीएफ, डीकेआयएम आणि २०१२ मध्ये डीमार्क. मजकुरापेक्षा या डोमेनची ओळख महत्त्वाची झाली. फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या मेलसेवांनी घाऊक पाठवणाऱ्यांना ही ओळख सक्तीची केली, पण स्वस्त होस्टिंगवरच्या छोट्या डोमेनांनाही तिचा चटका बसतो.

वाडीचे सगळे मेल जंकमध्ये सापडले नाहीत, ते यामुळे. एका पार्टीच्या डोमेनला एसपीएफची नोंदच नव्हती, त्यांच्या बिल्ट्या सर्व्हरच्याच स्पॅम फोल्डरात अडकल्या. ऑफिसचं खातं पॉपवर, म्हणजे सर्व्हरवरून मेल डेस्कटॉपवर उतरवून घ्यायच्या जुन्या पद्धतीवर. पॉपमध्ये फक्त इनबॉक्स उतरतो, ते फोल्डर डेस्कटॉपवर कधी दिसतच नाही. ब्राउझरमधून लॉगिन केलं तेव्हा मार्चच्या बिल्ट्या मिळाल्या. फेब्रुवारीच्या नाही, तीस दिवस झाले की तिथला मेल आपोआप पुसला जातो.